येशू मेल्यानंतर पुन्हा उठला, याला खरंच ऐतिहासिक पुरावा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: "माझा हॉस्टेलवरचा रूममेट ख्रिस्ती आहे. तो म्हणतो, येशूच्या पुनरुत्थानाला ज्युलियस सीझरपेक्षा जास्त पुरावा आहे. मी काही नास्तिक नाही, पण हे गळी उतरत नाही आणि उत्तरही देता येत नाही. खरं काय?"

आधी सीझरचा निकाल लावू, म्हणजे मुद्द्यावर येता येईल. सीझरची नाणी मिळतात, त्याने स्वतः लिहिलेली युद्धवर्णनं आहेत, शिवाय त्याच्याशी फारसं न पटणाऱ्या सिसेरो या रोमन पुढाऱ्याची त्याच काळातली पत्रं आहेत. येशूच्या हातची एक ओळ शिल्लक नाही. तुमच्या रूममेटच्या डोक्यात बहुधा हस्तलिखितांची संख्या असणार. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, ग्रीक हस्तलिखितांची मोजदाद पाच हजारांच्या वर जाते, आणि त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या ग्रीक ग्रंथाचं नशीब एवढं थोर नाही, हे खरंच. पण ढीगभर प्रतींवरून मूळ मजकूर काय होता एवढंच ठरवता येतं. महिपतींच्या भक्तविजयाच्या घरोघरी पोथ्या आहेत, म्हणून ज्ञानदेवांनी भिंत चालवल्याचा पुरावा काही वाढत नाही.

माझी ओळख एवढीच की मला मोडी वाचता येते. पोटापाण्याचा उद्योग निराळा, पण सुट्टीचे दिवस जुन्या कागदांत जातात. त्या नादाने एक खोड लागते. कागद समोर आला की आधी बघायचं: हा अस्सल की नक्कल, लिहिणारा कोण, घडल्यावर किती वर्षांनी लिहितोय, आणि त्याला हे कळलं कुठून. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर पंधरा-सोळा वर्षांच्या आसपासची, लिहिणारा दरबारात वावरलेला. चिटणीसांची बखर त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी आली. दोन्ही वाचायला बहारदार, पण वाद पडला की आपण बखर बाजूला ठेवतो आणि त्याच वर्षीचं एखादं चिठोरं धुंडाळतो. मी बायबलही असंच वाचलं. भक्तिभावाने वाचणाऱ्याला हे कोरडं वाटेल, त्याला इलाज नाही.

या हिशेबाने मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, या बखरी. येशूला क्रुसावर दिलं ते इ.स. ३० किंवा ३३ मध्ये. बहुतेक अभ्यासक मार्कला ७० च्या सुमारास ठेवतात, मत्तय आणि लूक त्याच्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान पहिलं शतक संपता संपता. म्हणजे मार्क सभासदाहून उशिराचा, पण चिटणीसांपेक्षा पुष्कळ जवळचा. चौघांच्याही मजकुरात लेखकाने आपलं नाव घातलेलं नाही, ती नावं परंपरेने मागाहून जोडली.

मग या प्रकरणात एखादं पत्र आहे का? आहे. आणि दोन्ही बाजूंचे लोक नेमकं तेच सोडून रिकाम्या कबरीवर भांडत बसतात.

करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला पौलाने इ.स. ५४ च्या आसपास एक पत्र लिहिलं. हा पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा, मग साक्षात्कार होऊन येशूचा प्रचारक झालेला. ते पौलाचंच, याबद्दल श्रद्धाळू आणि अश्रद्ध अभ्यासकांत वाद नाही. पत्राला मायना आहे. धाडणारा कोण, घेणारे कोण, सगळं आहे. शेवटाला तर तो म्हणतो, हा सलाम मी पौल स्वतःच्या हाताने लिहितोय. म्हणजे मजकूर लेखनिकाचा आणि शेवटची ओळ खुद्दांची! मोडी पत्रं हाताळलेल्या माणसाला इथे एकदम घरी आल्यासारखं होतं. अस्सल हरवलंय हे मान्य. सगळ्यात जुनी नक्कल साधारण २०० सालची, पपायरसवरची, आणि तिची पानं आज डब्लिन आणि मिशिगन अशी दोन ठिकाणी वाटली गेली आहेत.

या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल लिहितो ते असं: मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि केफाला दिसला, मग बारा जणांना. मग एकदम पाचशेहून अधिक बांधवांना, त्यांतले बरेचसे अजून हयात आहेत, काही गेले. मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना, आणि सगळ्यांच्या मागून, अवेळी जन्मलेल्यासारख्या मला.

"मिळालं" आणि "दिलं" ही त्या काळच्या गुरू-शिष्यांची भाषा. निदान सुरुवातीच्या ओळी तरी पौलाच्या नव्हेत, त्याने पाठ केलेल्या आहेत. केफा हे येशूचा मुख्य शिष्य पेत्र याचं अरामी नाव. कोणाकडून पाठ केल्या असतील, याचा धागा दुसऱ्या पत्रात सापडतो. गलतीकरांना लिहिताना पौल सांगतो की आपल्याला साक्षात्कार झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. वर देवाची शपथ घालतो की हे खोटं नाही. हिशेब मांडा. क्रुसानंतर पाच-सात वर्षांच्या आत, यादीत नाव असलेल्या दोघांशी हा माणूस समोरासमोर बोललाय. गेर्ड ल्यूडेमान हे जर्मन अभ्यासक पुनरुत्थान झालंच नाही असं उघड म्हणणारे. तेदेखील या यादीचा गाभा पहिल्या दोन-तीन वर्षांतला धरत. प्राचीन इतिहासात इतक्या जवळचा कागद मिळणं म्हणजे चंगळ आहे. इथपर्यंत तुमच्या रूममेटची बाजू भक्कम आहे, आणि "ही सगळी दोन-तीनशे वर्षांनी रचलेली दंतकथा" म्हणणाऱ्यांनी हे पत्र वाचलेलंच नसतं.

आता हीच यादी उलट्या बाजूने वाचा.

पाचशे साक्षीदार म्हणून जो गाजावाजा होतो, त्या पाचशे साक्षी नाहीत. पाचशे जणांना दिसला असं सांगणाऱ्या एका माणसाची ती एक साक्ष आहे. त्या पाचशेंपैकी एकाचंही नाव नाही, गाव नाही, आणि चार शुभवर्तमानांत या प्रसंगाचा उल्लेखही नाही. दुसरं, पौल चारही ठिकाणी एकच ग्रीक क्रियापद वापरतो: ओफ्थे, "दिसला". केफाला ओफ्थे, पाचशेंना ओफ्थे, याकोबाला ओफ्थे, मलाही ओफ्थे. आपला अनुभव तो त्याच पंगतीला बसवतो. पण त्याला दिसलं काय? प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात तो प्रसंग तीनदा येतो, आणि तिथे आहे आभाळातला लख्ख उजेड आणि एक आवाज. बरोबरच्या लोकांनी तो आवाज ऐकला की नाही, यावर त्याच ग्रंथातल्या दोन वर्णनांचं जमत नाही. जखमांना बोट लाव म्हणणारा, भाजलेला मासा खाऊन दाखवणारा येशू भेटतो तो लूक आणि योहान यांच्याकडे, म्हणजे पौलानंतर तीस-चाळीस वर्षांनी. पत्रात जागा नाही, येशू काय बोलला ते नाही, आणि पहाटे कबरीवर गेलेल्या बायकाही नाहीत.

माझ्या मते सगळा वाद या एका "दिसला"मध्ये अडकलाय. तो शब्द डोळ्यांनी दिसण्याला चालतो आणि दर्शनालाही चालतो. मराठीत "मला विठ्ठल दिसला" म्हटल्यावर ऐकणारा जसा थबकतो, तसंच.

कबरीचं थोडक्यात सांगतो. पौल "पुरला गेला" म्हणतो, कबर रिकामी होती असं म्हणत नाही. ती गोष्ट पहिल्यांदा मार्क सांगतो, आणि तीही विलक्षण रीतीने. तीन बायका येतात, धोंडा सरकलेला, आत पांढऱ्या कपड्यातला एक तरुण. तो सांगतो, येशू उठलाय, शिष्यांना जाऊन सांगा. बायका थरथरत पळतात आणि भीतीपोटी कोणालाही काही सांगत नाहीत. संपलं! सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, व्हॅटिकन आणि सिनाय इथल्या, मार्क इथेच थांबतो. व्हॅटिकनच्या प्रतीत तर लिहिणाऱ्याने पुढचा एक आख्खा रकाना कोरा सोडलाय. त्याला यापुढे काही असल्याचं ठाऊक होतं की काय, देव जाणे. पुढची बारा वचनं, ज्यांत येशू प्रत्यक्ष भेटतो, ती नंतर कोणी जोडली असं बहुतेक अभ्यासक मानतात. बखरीला पुढच्या नकलाकाराने शेपूट जोडावं तसा प्रकार.

बाकी तिघांचा आपसात मेळ नाही. मत्तयाकडे एक देवदूत, लूककडे दोन पुरुष. योहानाकडे मग्दालीया मरीया पहाटे कबरीवर येते तेव्हा तिथे कोणीच नसतं, देवदूत तिला नंतर दिसतात. मत्तयाच्या मते शिष्यांना येशू गालीलात भेटला, लूकच्या मते यरुशलेममध्ये. एवढ्याने गोष्ट खोटी ठरत नाही. पानिपताच्या हकिकतीही आपसात पटत नाहीत, म्हणून लढाई झाली नाही असं कोणी म्हणत नाही. पण "चार स्वतंत्र साक्षी" हेही खरं नाही, कारण मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्कचा मजकूर होता, जागोजागी शब्दही तेच आहेत. बायका पहिल्या साक्षीदार हा मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो. त्या समाजात बाईच्या साक्षीला किंमत कमी. कोणी बसून गोष्ट रचली असती तर पेत्राला पहिला पाठवला असता.

आणखी एक शंका नेहमी येते: क्रुसावर दिलेल्याला मुळात कबर मिळत असे का? रोमन लोक प्रेतं तशीच लटकत ठेवत, आणि बार्ट एरमन यांच्यासारखे अभ्यासक यामुळेच दफनाच्या कथेवर शंका घेतात. पण १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला एक अस्थिपेटी सापडली. तिच्यात येहोहानान नावाच्या माणसाची टाच, आणि टाचेत आरपार गेलेला साडेअकरा सेंटिमीटरचा खिळा. खिळ्याचं टोक वळलेलं होतं. बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून वळलं, म्हणून तो उपटता आला नाही आणि हाडासकट पेटीत गेला. म्हणजे क्रुसावर मेलेल्या निदान एका ज्यू माणसाला घरच्यांनी रीतसर पुरलं होतं.

खुद्द क्रुसाबद्दल मात्र वाद घालू नका, तिथे हराल. रोमन इतिहासकार टॅसिटस ११६ च्या सुमारास लिहितो की सम्राट तिबेरियसच्या राज्यात पंतय पिलात या रोमन सुभेदाराने ख्रिस्ताला देहदंड दिला. त्याच्या लिहिण्यात ख्रिस्ती लोकांबद्दल तिरस्कार भरलेला आहे, त्यामुळे तो त्यांची बाजू घेतोय असंही म्हणता येत नाही. पिलाताच्या नावाचा शिलालेख १९६१ मध्ये कैसरियात मिळाला. ज्यू इतिहासकार जोसेफसने येशूचा भाऊ याकोब ६२ मध्ये मारला गेल्याचं नोंदवलंय. मृत्यू पक्का, पंथ पक्का. पुनरुत्थानाबद्दल यातून काहीच मिळत नाही.

मग शिष्यांना दिसलं ते काय? प्रेत चोरलं हा आरोप इतका जुना की मत्तय स्वतःच त्याला उत्तर देत बसलाय. येशू नुसता बेशुद्ध होता, हे आज अभ्यासकांत क्वचितच कोणी गंभीरपणे म्हणतं. उरतं ते शोकातलं दर्शन. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार कधी ना कधी जाणवला होता, काहींना चक्क दिसला होता. आमची आजीही आजोबा गेल्यावर महिनाभर दोन ताटं घ्यायची आणि म्हणायची, ते ओसरीवर बसलेत. पण ते जिवंत झाले असं ती एकदाही म्हणाली नाही. एन. टी. राइट या श्रद्धाळू बायबल-अभ्यासकांचं म्हणणं नेमकं हेच आहे. त्या काळच्या ज्यू माणसाला मेलेल्याचं दर्शन होणं ठाऊक होतं, आणि पुनरुत्थान म्हणजे जगाच्या अंती सगळ्यांचं एकदम, हेही ठाऊक होतं. मधेच एकटा एक माणूस उठला, ही कल्पना त्यांच्या पंचांगातच नव्हती. ती आली कुठून? याला उलट उत्तर असं की मसीहाच्या, म्हणजे देवाने धाडलेल्या तारणहाराच्या, बाबतीत अपेक्षाभंग झाला की माणसं नवी कल्पना काढतात. १६६६ मध्ये सब्बताई झ्वी या ज्यू मसीहाने सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला, तरी काही अनुयायांनी त्यातही गूढ अर्थ शोधला. ब्रुकलिनचे रब्बी श्नीअरसन १९९४ मध्ये वारले. त्यांना मसीहा मानणारे आजही आहेत.

अमेरिकेत २००६ मध्ये ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग आणि एरमन समोरासमोर आले तेव्हाही गाडी इथेच येऊन थांबली. क्रेग म्हणाले: दफन, रिकामी कबर, दर्शनं आणि शिष्यांची श्रद्धा ही चार तथ्यं धरा, सगळ्यात बरा उलगडा पुनरुत्थानच. एरमन म्हणाले: इतिहासकार सांगतो ते बहुधा काय घडलं एवढंच, आणि चमत्कार म्हणजे मुळातच सगळ्यात कमी संभवणारी गोष्ट, ती इतिहासाच्या साधनांनी सिद्ध होणार कशी? मला एरमन यांचं पटतं, पण एक अडचण आहे. हा नियम लावला तर पुरावा कितीही आला तरी निकाल आधीच ठरलेला. आणि क्रेग यांचा लावला तर तुकोबांचं सदेह वैकुंठगमनही दारात येऊन उभं राहतं. देह मिळाला नाही, जवळची माणसं ठामपणे सांगतात, संप्रदाय वाढतो. देहूला बीजेच्या दुपारी नांदुरकीचं झाड हलतं हे ऐकत मी मोठा झालो. घरच्या गोष्टीला एक माप आणि परक्याच्या गोष्टीला दुसरं, हे बरं नव्हे. तुमच्या रूममेटलाही हेच विचारा, पण आधी स्वतःला विचारून घ्या.

वादात काही रद्दी माल हटकून येतो, तो दारातच अडवा. तुरिनचं कफन, येशूचं प्रेत गुंडाळलं होतं म्हणतात ते: १९८८ च्या कार्बन चाचणीत कापड १२६० ते १३९० मधलं निघालं. नाझरेथचा संगमरवरी शिलालेख, ज्यात कबर फोडणाऱ्याला मृत्युदंड आहे: २०२० मध्ये तपासणी झाली, दगड निघाला कोस या ग्रीक बेटावरचा. आणि आपल्या बाजूने येणारा, "येशू वाचला आणि काश्मीरला आला." लडाखच्या हेमिस मठात येशूचं चरित्र पाहिल्याचा नोटोविच या रशियन प्रवाशाचा दावा १८९४ चा, दुसऱ्याच वर्षी डग्लस नावाचे प्राध्यापक मठात पोचले, तर लामांनी असं काही नसल्याचं सांगितलं. श्रीनगरच्या रोजाबलची कबर येशूची, हे अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलं तेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. घटनेनंतर चाळीस वर्षांचा मार्क ज्यांना चालत नाही, त्यांना अठराशे वर्षांनंतरचं हे कसं चालतं, मला कळत नाही.

हा वाद मराठीला नवा नाही, बरं का. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, आणि लोक घोळक्याने ऐकत. आमचा वाद विरार लोकलमध्ये चालतो. वसईचा एक मित्र आहे, कॅथलिक, वीस वर्षं बरोबर जातो-येतो. वर लिहिलेलं सगळं त्याला तोंडपाठ झालंय. एकदा ईस्टरनंतरच्या सोमवारी, नायगावच्या खाडीवर गाडी रखडलेली असताना, मी मार्कच्या कोऱ्या रकान्याचं रंगवून सांगत होतो. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तुझे कागद बरोबर असतील. मला एवढंच सांग, शुक्रवारी पेत्र काय म्हणाला? मी त्या माणसाला ओळखत नाही म्हणाला. सगळे पळाले. याकोब तर भाऊ असून विश्वास ठेवत नव्हता. आणि हीच माणसं त्याच यरुशलेमात, त्याच लोकांसमोर जाऊन उभी राहिली. मधे काय झालं?"

मी शोकातल्या दर्शनांचं सुरू केलं. तो म्हणाला, "पौल कुठे शोकात होता? तो तर आमच्या माणसांना पकडत फिरत होता."

पेत्राला मी अजूनही दर्शनाने समजावू शकतो. याकोबालाही, ओढूनताणून. पौलासाठी अपराधीपणाचा झटका, आजार वगैरे उत्तरं लोकांनी दिली आहेत, पण पत्रांत त्यांना धड आधार नाही. मी त्या दिवशी गप्प बसलो, गाडी हलली, आणि वसईला तो उतरून गेला. तुमच्या रूममेटने सीझर सोडून हा प्रश्न काढला, तर मला कळवा तुम्ही काय उत्तर दिलंत ते.